फ्रान्समधला आबांचा वाडा

आबा कुणाच्याही घरी गेले की चहा यायच्या आधी बोटांच्या पेरांनी भिंत ठोकून बघतात. मग मान हलवून म्हणतात, "कागदाची हाय. आमच्या वाड्याची भिंत ठोकली तर हाताला कळ यायची!"

हा 'आमचा वाडा' मलकापुरात नाही, कराडातही नाही. तो आहे फ्रान्समध्ये, कुठल्याशा खेड्यात. पहिल्या महायुद्धात मांडीत गोळी लागली, तेव्हा आबांना एक हिवाळा त्या चारशे वर्षांच्या वाड्यात ठेवलं होतं. तेवढ्या मुक्कामावर हा गृहस्थ आजतागायत मालकी सांगतो. नातवाला स्थळ घेऊन आष्ट्याचे पाहुणे आले, त्यांनाही ऐकवलं, "सत्तर खोल्या, दोन बुरूज." पाहुणे खूश. वाडा बघायला कधी यायचं म्हणाले. "बोटीनं जावं लागतंय," आबा म्हणाले. स्थळ परत आलं नाही.

त्र्याहत्तर साली मी त्यांच्या शेजारी घर बांधायला काढलं आणि माझे हाल सुरू झाले. रोज सकाळी आबा काठी टेकत हजर.

"जिना गोल घे रं, शंखावानी."

"आबा, वर मजलाच नाही."

"मजला नसला म्हनून काय झालं? जिना असू दे की!"

मी कपाळावर हात मारायचो आणि विटा मोजायला जायचो.

मग कामानिमित्त मला साताऱ्याला जावं लागलं. परत येऊन पाहतो तर पुढच्या खोलीची भिंत दीड हात जाड! तिच्यात खिडकी आणि खिडकीच्या पोटात समोरासमोर दोन दगडी बैठका. खोली इतकी आखडलेली की खाट सरळ बसेना. बायको म्हणाली, "तुमचे आबा, तुम्हीच निस्तरा." बाबूलाल गवंडी माझ्याकडं बघेना.

"आवं, आबांनी हुकूम सोडला. मिलिट्रीचा मानूस, न्हाई कसं म्हनायचं?"

माझं डोकं फिरलं. "उद्या ही भिंत पाडायची! घर माझं आहे, आबा!"

आबा एका बैठकीवर काठीला हनुवटी टेकून बसले होते. ते हलले नाहीत.

"पाड की. पर ऐक. तितला मालक म्हातारा हुता. दोन्ही पोरं लढाईवर. रोज सकाळी अशाच खिडकीत तो तितं बसायचा, मी हितं. भिंतीवरनं हात फिरवीत तो वाड्याचं कायतरी सांगायचा, मी माझ्या बैलांचं सांगायचो. त्याला माझं कळत न्हवतं, मला त्याचं. तरी दुपारपातूर कोन उठत न्हवतं."

"मग? त्यासाठी माझी खोली?"

"माझ्या घरात समद्यांना मराठी कळतंय. पर म्हातारी गेल्यापास्नं समोर कोन बसत न्हाई."

भिंत राहिली. खाट तिरकी लागते, बायको रोज ऐकवते आणि रागही अजून गेलेला नाही. पण कामावर निघण्याआधी मी आबांच्या समोर बसतो. बुरूज, जिना, धुराडं, सगळं मला पाठ झालं आहे. वैताग येतो.

परवा बसची वेळ झाली म्हणून मी उठलो, तर आबांनी माझा गुडघा दाबून मला खाली बसवलं.

"माझं झालं. आता तुजं सांग."

सांगण्यासारखं काही नव्हतं. तरी मी सांगत बसलो, आणि मला एकदाही न अडवता आबा ऐकत राहिले. बस कधीच गेली.