हैबतरावांची तसबीर उतरली त्याची हकीकत

जी कोणास पुसत नाही आणि कोणासाठी थांबत नाही, त्या नदीस प्रथम नमन. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरी, भाद्रपदमासी एका नदीकाठच्या राज्यात वर्तमान जाहले, ते घडले तैसे लिहिले आहे.

धरणावर भिवराबाई पाणी मोजावयास होत्या. पाणी सोडावयाची वेळ त्या आपल्या पानावर पोस्ट करीत आणि वेळ बदलली तर त्याच पोस्टीत दुरुस्ती करीत. मग भावी सुभेदार हैबतराव त्या पोस्टीचा स्क्रीनशॉट काढीत आणि त्याच्या डाव्या अंगास आपली तसबीर, फेटा बांधलेली, हात जोडलेली, डकवीत आणि नऊशे असामींच्या ग्रुपावर रवाना करीत. पंचमीस सकाळी बाईंनी चारची वेळ लिहिली आणि हैबतरावांनी चित्र करून धाडिले आणि मग वरच्या अंगास पाऊस वाढला, सबब बाईंनी चारचे बारा केले. पोस्ट सुधारली, चित्र सुधारले नाही. बिरू धनगर चारास अवकाश आहे म्हणोन पात्रात मेंढरे चारीत राहिला आणि बारास भोंगा वाजला आणि पाठोपाठ पाणी आले. बिरू निभावला, तेरा मेंढरे गेली.

मग बिरू ओल्या घोंगडीनिशी हैबतरावांच्या सदरेवर आला आणि भिवराबाईही आल्या. बिरूने फोन पुढे धरिला. "सरकार, ह्यात तुमी हसताय, आन् खाली चार लिवलंय."

हैबतराव बोलिले, "बाईंनीच चार लिहिले होते. आम्ही एक अक्षर फिरविले नाही."

"मी फिरविले होते," भिवराबाई बोलिल्या. "चित्रात दुरुस्ती शिरत नाही. माझ्या पोस्टीचा दुवा पाठविता, तर उघडताच बारा दिसते."

"दुव्यावर आमची तसबीर कोठे बसेल?"

"बसणार नाही."

"मग माजी मेंढरं तरी काठावर बसतील," बिरू म्हणाला.

मग हैबतरावांनी सर्वांदेखत ते चित्र पुसोन टाकिले आणि दुवा धाडिला आणि वर लिहिले, "हे भिवराबाईंचे लिहिणे. वेळ बदलते. पात्रात उतरण्यापूर्वी पुन्हा उघडावे." ग्रुपावर कोणी पुसिले, "सरदार आजारी आहेत काय? दर्शन नाही." हैबतरावांनी उत्तर केले, "प्रकृती उत्तम. दुवा उघडा."

एकादशीस बाईंनी पाचची वेळ लिहिली आणि दुपारी तिची तीन केली. बिरू मेंढरे घेऊन उतारावर आला होता. त्याने दुवा उघडला, तीन वाचले आणि कळप माघारा वळविला आणि खाली धुणे धुणाऱ्या बायांस हाक दिली, "वैनी, उचला ती बादली, तीनला येतंय." त्यांनीही उघडून पाहिले आणि वर आल्या.

येणेप्रमाणे तेरा मेंढरे खर्ची पडून एक रीत बदलली. हैबतराव पुढे सुभेदार जाहले नाहीत. तीन वाजता नदी आली, तेव्हा पात्रात वाहून न्यावयास तिला कोणी मिळाले नाही.