बायनाबाईच्या पायावरचं शिंगरू

बायनाबाईच्या पायावर गावातली निम्मी पोरं न्हाऊन मोठी झाली होती. कोणी तिच्यासमोर कॉलर ताठ केली की ती म्हणायची, "जास्त बोलू नको रे! तुह्या ढुंगणाले पयलं तेल मीच चोपडलं!" कॉलर आपोआप खाली बसायची. सरपंचाचीसुद्धा!

बाईची रीत ठरलेली. भुईवर पाय पसरायचे, बाळ आडवं टाकायचं, जवसाचं तेल चोळायचं, नाक चिमटीत धरून सरळ करायचं, वर कढत पाणी, आणि शेवटी निखाऱ्यावर ओव्याची धुरी. यानं न झोपलेलं पोर ब्रह्मपुरी तालुक्यात जन्मलंच नव्हतं!

आता तिच्या लेकाचं, मुखरूचं, घर चालायचं ते चांदणी घोडीवर. लग्नसराईत नवरदेव चांदणीच्या पाठीवर, आणि लगाम मुखरूच्या हातात. पण चांदणी म्हातारी झाली होती. वरातीत बॅन्डपेक्षा तिचेच गुडघे जास्त वाजायचे. म्हणून तिला शिंगरू झालं, तेही मादी, तेव्हा घरात दिवाळीच झाली. नाव ठेवलं फुलमती.

"माय, शिंगराले सध्या हात लावू नको," मुखरू म्हणाला. "मी चांदणीले खरारा करीन. ते पाहील, अन् मनानंच जवळ येईल. जनावर आपल्या मायले पाहून शिकते."

"अन् तू कोणाले पाहून शिकला रे? मले पाहून शिकला असता तं अक्कल असती! लहानपणी माणसाचा हात नाई लागला तं मोठेपणी ते माणसाले बुजते. एक फटाका फुटला का नवरदेव वैनगंगेत!"

दुसऱ्या दिवशी बाईने अंगणात पाय पसरले, शिंगराला ओढून त्यावर आडवं टाकलं आणि सुरू! तेल, पाणी, धुरी, सगळं साग्रसंगीत. नाक चिमटीत धरलं तेव्हा सून अन्नपूर्णा उंबऱ्यातून म्हणाली, "आत्याबाई, पयलेच हातभर नाक हाय. आखीन कुठवर ओढता?"

"तू तुह्या भाकरी पाह्य!"

पण खोटं कशाला बोला, शिंगरू सुधारलं. ट्रॅक्टरला भ्यायचं नाही, एसटीला भ्यायचं नाही. पोट्टे शेपटीला लोंबकळायचे तरी ढिम्म! बाई गावभर मिरवायची. "घोडी नाई हो ते. माह्या हातचं लेकरूच समजा!"

हेच तर वाईट झालं. फुलमतीही तेच समजली.

ती वाढली, बाईचे गुडघे धरले, मालिश बंद पडली. पण ते घोडीला कोण सांगणार? तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की. जगात जिथे कुठे दोन पाय पसरलेले दिसतील, ते आपल्यासाठी! पहिला सापडला शेजारचा लटारू. बिचारा जेवून ओसरीवर पाय पसरून बसला होता. फुलमती आली, पुढचे पाय दुमडले आणि भल्यामोठ्या डोक्यासकट अख्खी मान त्याच्या मांडीवर टाकून डोळे मिटले.

"वाचवा जी! घोडी माह्यावर मरून राह्यली!"

मग तेंदूपत्त्याचे दिवस आले. बाया रांगेत पाय पसरून विडीच्या पानांचे पुडे बांधत बसल्या होत्या. एवढे पाय एका जागी! फुलमतीला स्वर्गच दिसला. कोणावर मान टाकू आणि कोणावर नको! बाया पळाल्या, पुडे उधळले. घोडीला मिरगी येते म्हणून गावात बोभाटा झाला.

मुखरूचं डोकं फिरलं. "माय, हिच्यावर एक डाव नवरदेव बसवून पाहतो. जमलं तं ठीक. नाई तं बाजारात नेऊन विकतो. चांदणीच्यानं आता होत नाई. दोघींले बसवून चारू तं आपण काय खाऊ?"

"वीक नं! पन तिनं नवरदेव पाडला तं माहं नाव बायनाबाई नाई!" असं म्हणून बाईने तोंड फिरवलं आणि पदर डोळ्याला लावला. धूर गेला म्हणाली. चूल तर केव्हाची विझली होती!

वरात निघाली कुरखेड्याकडच्या गावात. नवरदेव प्रफुल, नवरी दिव्यानी. डीजे असा की छातीतलं काळीज जागा बदलून बसेल! फटाक्यांची लड पायाशीच फुटली. फुलमतीनं कान हलवला, बस्स! जशी काही तिचीच वरात होती. बाजूने बाई कमरेवर हात देऊन चालत होती. दर दहा पावलांवर मुखरूला विचारायची, "काऊन रे, बोलून नाई राह्यला?"

मांडव अगदी समोर आला आणि नवरदेवाच्या आत्याचं, नीलाबाईचं, नाचून नाचून अवसान गेलं. ती मांडवाच्या दारातच मट्कन बसली. दोन्ही पाय पसरून!

फुलमती थांबली.

मुखरू ओरडला, "बाई, उठा! पाय ओढा! पयले पाय ओढा!"

नीलाबाई भडकली. "माह्या भाच्याचं लगन, अन् हा घोडीवाला मले उठवते? नाई उठत! काय करतो?"

मुखरूला काही करावंच लागलं नाही. फुलमतीनं पुढचे गुडघे टेकले. नवरदेव तिच्या मानेवरून बाशिंगासकट घसरत थेट आत्याच्या कुशीत! वर घोडीनं आत्याच्या पायावर मान टाकली, मागचा भाग सावकाश टेकवला आणि समाधानानं डोळे मिटले.

आता गर्दीत बातमी कशी पळते पाहा! पुढच्यांनी म्हटलं, "घोडी बसली." डीजेवाल्यांत ती मेली. मांडवात पोचेपर्यंत नवरदेव तिच्याखाली दबला, आणि स्वयंपाकाकडे जाता जाता तो बिचारा गेलासुद्धा! नवरीच्या आईनं हंबरडा फोडला. आचाऱ्यानं कढई उतरवली. भटजी घड्याळ दाखवत ओरडत होते, "मुहूर्त चालला जी!" आणि नवरीचा मामा मांडवाच्या खांबाला धरून म्हणत होता, "दारात जनावर मेलं! हे लगन होत नाई!"

"मेली नाई!" मुखरू गयावया करत होता. "झोपली हाय!"

"लगनात झोपते? दारू पाजली काय रे तिले?"

चार जणांनी लगाम ओढला, दोघांनी शेपूट. फुलमतीनं एक डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं आणि परत मिटला.

शेवटी बायनाबाईने पदर खोचला. नीलाबाईला काखेत धरून बाहेर ओढलं, तिच्या जागी स्वतः बसकण मारली आणि अख्ख्या वरातीसमोर आपले दुखरे पाय पसरले.

"तेल आना!"

"कोनतं?"

"हाय ते आना!"

भज्यांच्या कढईतलं कोमट तेल आलं. बाईने घोडीची मान चोळली, पाठ चोळली, नाकसुद्धा ओढलं. डीजे बंद. अख्खी वरात मुकाट्यानं मालिश पाहत उभी! मग वरणासाठी तापवलेल्या पाण्यात गार मिसळून घोडीला आंघोळ झाली. धुरीला ओवा मिळेना, तर भटजींनी रागारागात धुपाटणंच पुढे सरकवलं.

नाकात धूर जाताच फुलमती शिंकली, उठली आणि अंग असं झाडलं की भज्यांच्या तेलाचा पाऊसच पडला! नवरदेवाचा कोट, मामाचा फेटा, भटजींचं धोतर, काही सुटलं नाही. घोडी जिवंत, नवरदेव जिवंत, मग मामा कोणत्या तोंडानं अडवणार? मुहूर्त कसाबसा गाठला. नवरदेवावर पडलेल्या अक्षता मात्र खाली पडल्या नाहीत. चिकटल्याच!

घरी येताना बाईचं इकडचं बोलून झालं, तिकडचं बोलून झालं, शेवटी तिनंच विषय काढला. "नेतो काय रे मंग बाजारात? सांगून टाक एकदाचं."

"नाई विकत."

बाईची मान ताठ झाली. "पाह्यलं! शेवटी पटलं नं मायचं!"

"तसं नाई, माय. या भागातले घोड्याचे दोघं व्यापारी लगनातच होते." मुखरूनं बाहीवरचं तेल पुसलं. "एकाचा तं नवा सदरा गेला. आता फुकट देतो म्हटलं तरी कोनी घेत नाई."

मागून चालणाऱ्या अन्नपूर्णेला अचानक जोराचा खोकला आला.

दुसऱ्या दिवशी हापशीवर बाया जमल्या तेव्हा बायनाबाई घागर खाली ठेवून सांगत होती, "बाजारभर मागणी हाय हो फुलमतीले! पन मुखरू म्हनते, मायचा जीव हाय तिच्यात, लाख देले तरी विकत नाई!"