बेस मॉडेल पाहिजे म्हणजे पाहिजे!

मला फसवणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात अजून जन्माला यायचा आहे! राईस मिलमध्ये धानखरेदी मी बघतो. पोत्यातला दाणा दाताखाली फोडला, की दाणा ओला आहे की व्यापारी खोटा आहे, हे एका चाव्यात सांगतो!

म्हणून गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा बायकोला, रश्मीला, मी बजावलं, "सगळ्यात स्वस्त, बेस मॉडेलच घ्यायचं. शोरूमवाले महागातलं गळ्यात मारायला टपलेले असतात. तू फक्त गप्प बसून बघ!"

साक्षीदार म्हणून मुर्रीहून सासऱ्यांना, यादोराव मामाजींना, बोलावून घेतलं. मामाजी ट्रॅक्टर चालवतात आणि तोंडावर बोलतात.

शोरूममध्ये पाय ठेवतो न ठेवतो तोच विक्की नावाचा सेल्समन धावत आला. आधी थंड पाणी, मग कॉफी. पहिला संशय मला तिथंच आला. न मागता कॉफी पाजणारा माणूस पुढं काहीतरी मागणार, हे नक्की!

"बेस मॉडेल?" विक्कीनं असं तोंड केलं, जणू मी लग्नाच्या पंगतीत पत्रावळ चाटायला मागितली होती. "अरे सर, तुमच्यासारखा आदमी आणि बेस मॉडेल? मागच्या काचा हातानं फिरवाव्या लागतात! मॅडमला गरम होईल ना!"

"का? एसी नाही?"

"एसी आहे सर. पण तो बेसवाला एसी आहे!"

"बेसवाला म्हन्जे?" मामाजींनी विचारलं. "गरम हवा फेकते का?"

विक्की गडबडला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सच बताऊँ सर? कंपनीनं ते मॉडेल बनवणंच बंद केलं."

आता माझा संशय धानासारखा फुलला. "बाथरूमला जाऊन येतो," म्हणून मी उठलो आणि मागच्या दारानं थेट आवारात शिरलो.

आणि काय सांगू! कोपऱ्यात कोरी करकरीत पांढरी गाडी! चाकांना झाकण्या नाहीत, काचा हातानं फिरवायच्या. बंद झालेलं मॉडेल माझ्याकडं टकामका बघत होतं! पुराव्याचा फोटो काढायला मी मागच्या सीटवर शिरलो, तेवढ्यात पावलं वाजली. चोर समजले तर? मी दार ओढून घेतलं आणि सीटांच्या मधल्या जागेत बसकण मारली.

कुणीतरी पुढं बसलं, गाडी सुरू झाली. आता उठून म्हणायचं तरी काय? नमस्कार, जरा सावलीला बसलो होतो? मी श्वास रोखून धरला. गाडी दर्शनी हॉलमध्ये येऊन थांबली, चालवणारा उतरला आणि गाडीवर लाल चमचमता कपडा पडला.

अंधार! मागचं दार उघडेना. लहान मुलांसाठीचं लॉक लागलेलं! मे महिन्याचा उकाडा असा, की भट्टीतला मुरमुरा माझ्यापेक्षा सुखात असेल. शर्ट काढला. पुढच्या दारानं सटकावं म्हणून दोन सीटांच्या मधून शिरलो, तर पोट अडकलं! ना पुढं, ना मागं!

तेवढ्यात बाहेर टाळ्या वाजल्या, कपडा उडाला आणि समोर आरतीचं ताट घेतलेल्या एक बाई! कोहमाऱ्याला ढाबा चालवणाऱ्या सुशीलाबाई आपल्या नव्या गाडीची पूजा करायला आल्या होत्या. गाडीच्या काचेतून त्यांना दर्शन झालं ते बनियनमधल्या, घामानं निथळणाऱ्या माझं!

"अगा माय वो! आतमंदी मानूस आहे!" त्या किंचाळल्या. "हा कोन? गाडीसंग भेटते का?"

विक्कीनं दार उघडलं. "सर! तुम्ही तर बाथरूमला गेले होते ना?"

"हे मॉडेल बंद झालंय म्हणालास ना? मग हे काय आहे?" मी अडकल्या जागेवरून गरजलो.

सुशीलाबाईंनी ताट खाली ठेवलं. "म्हन्जे बंद पडलेली गाडी मले देऊन राहिले? अन् तेही वापरलेली?"

"नाही मॅडम, कोरी आहे!"

"कोरी आहे, तं हा मानूस कायले हाये आत? नको मले! दुसरी आना!"

दोघांनी ओढून मला बाहेर काढलं. मी आशेनं रश्मीकडं पाहिलं. ती एका बाईला सांगत होती, "नाही हो, मी ह्यांना ओळखत नाही."

सुशीलाबाईंना नागपूरहून दुसरी गाडी मागवून द्यायचं कबूल करून विक्की माझ्याकडं वळला. त्याचा चेहरा मधासारखा गोड! "सर, तुमचं नसीब! हीच गाडी घेऊन जा. डिस्काउंट देतो, सीटकव्हर फ्री!"

माझे कान टवकारले. आत्तापर्यंत जे मॉडेल जगातच नव्हतं, ते हा आता माझ्या मागं लागून देतोय? काऊन?

"हिच्यात काय खराबी आहे?"

"काही नाही सर! फक्त तुम्ही बसले होते!"

"मी नाही फसायचा!" मी टेबलावर हात आपटला. "सगळ्यात वरचं मॉडेल दाखव!"

"अहो, पण..." रश्मी म्हणाली. तिला मी अचानक ओळखीचा वाटू लागलो होतो.

"तू गप्प बस!" म्हणत मी सही ठोकली. विक्कीचे डोळे भरून आले. मला वाटलं, डाव उधळला म्हणून रडतोय.

माझी गाडी यायला वेळ होता. पण पुढच्या आठवड्यात फुलचूरला आमच्या दारात हॉर्न वाजला. पांढऱ्या गाडीत मामाजी!

"मामाजी? तुम्ही घेतली ही?"

"मंग! एवढा भारी मानूस आत अडकला, दोघांनी ओढला, तरी गाडीले खरोचबी नाही आली. याहून पक्की परीक्षा कोन्ती? अन् सस्त्यात भेटली."

नात्यातल्या एका लग्नाला निघायचं होतं. रश्मी टुणकन पुढं वडिलांशेजारी जाऊन बसली. मी तसाच उन्हात उभा. मामाजींनी उतरून माझ्यासाठी मागचं दार उघडलं.

"बसा जवाईबापू," ते म्हणाले, "जागा तं तुमच्या ओळखीचीच आहे!"