डावऱ्याची सोयरीक

आषाढातल्या एका सोमवारी सकाळी माझा धाकटा भाऊ मंदार गेला. तो थर्ड शिफ्ट करून थेट घरी आला. त्याने बूट काढले, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन आलो तेव्हा तो गेला होता.

दुपारपर्यंत माणसं जमली. चाकणहून त्याच्या कंपनीतली मुलं आली, गल्लीतले लोक आले, उदगीरहून मामा निघाल्याचा फोन आला. प्रत्येकजण माझ्या खांद्यावर हात ठेवून अशा वेळी जे बोलतात ते बोलत होता. गिरणीवाले सोपानराव मात्र दारातच उभे राहिले. गिरणी तशीच टाकून आले होते, त्यामुळे भुवयांवर पीठ, मिशीवर पीठ, कानाच्या पाळीवरही पीठ. ते बराच वेळ मंदारकडे बघत राहिले. मग माझ्याजवळ येऊन वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले,

"सर, काल कामावर जाताना डावऱ्याबद्दल काय बोलला का हो तो? जातो म्हनला का राहतो?"

शेजारच्या एकाने त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मला राग आला नाही. त्या दिवसभरात मंदारबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. बाकीचे सगळे मृत्यूबद्दल बोलत होते.

डावऱ्या म्हणजे शिकागोच्या बास्केटबॉल संघातला एक खेळाडू. चेंडू डाव्या हाताने टाकतो, म्हणून डावऱ्या. त्याला त्याच्या आईवडिलांनी ठेवलेलं एक रीतसर नाव आहे, पण सोपानरावांना ते उच्चारायची गरज कधी वाटली नाही. अमेरिकेतल्या निम्म्या खेळाडूंचं त्यांनी थेरगावात बसून बारसं केलं होतं. गुडघे दुखावलेला एक वयस्कर खेळाडू होता, तो 'पेन्शनर'. सतत पंचांशी भांडणारा एक, तो 'सोसायटीचा सेक्रेटरी'. आणि सात फूट उंचीच्या एकाला ते 'डीपी' म्हणत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचा डीपी आहे, त्याच्यावरून.

सोपानराव मूळचे थेरगावचे. आम्ही दोघे भाऊ बाहेरून आलेले, ते इथलेच. त्यांच्या घरची जमीन तुकड्या-तुकड्याने गेली. काही रस्त्यात, काही कारखान्यांत, उरलेली इमारतींखाली. राहिलं ते घर, भाड्याच्या चार खोल्या, डांगे चौकाच्या मागच्या बाजूची पिठाची गिरणी आणि नव्वदी ओलांडलेले वडील, तात्या. सोपानरावांची पत्नी पूर्वीच गेली. मुलगी लग्न होऊन नाशिकला असते. दिवसभर गिरणीच्या आवाजात उभं राहिल्यामुळे त्यांना हळू बोलणं जमत नसे. आमच्या दारात ते जे बोलले, ते मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात हळू वाक्य असावं.

बास्केटबॉल त्यांना आवडत नव्हता, हे इथेच सांगायला हवं. मंदारने त्यांना एकदा पूर्ण सामना दाखवला होता. अर्ध्यात ते म्हणाले, "पळत्यात, उड्या मारत्यात, परत पळत्यात. ह्यात बघायचं काय?" सामन्यांचे महिने ते झोपेत असल्यासारखे काढत. उन्हाळ्यात स्पर्धा संपली की त्यांचा मोसम सुरू व्हायचा. कोणता खेळाडू कोणत्या संघात जाणार, कुणाच्या बदल्यात कोण येणार, याच्या अफवांचे ते दोन-तीन महिने. "मॅच म्हंजी लग्नातलं जेवान," ते म्हणत. "खरी गंमत बैठकीत."

हे वेड त्यांना मंदारनेच लावलं. ज्वारी दळून होईपर्यंत तो बाकावर मोबाइल बघत बसला होता. सोपानरावांनी विचारलं, काय बघतोस? त्याने ट्रेड म्हणजे काय ते समजावलं. सोपानरावांनी गिरणी बंद केली. भर गर्दीच्या वेळी.

"थांब. म्हंजी तेंनी आपला गडी द्यायचा आन् तेंचा गडी घ्यायचा?"

"हो काका."

"आरं, मंग हे तर साटंलोटं झालं! आमच्या चुलत्यानं तीन जमवल्याली. ह्यातलं आमाला शिकवू नको."

तेव्हापासून रोज सकाळी कंपनीची बस डांगे चौकात थांबली की मंदार घरी यायच्या आधी गिरणीत जायचा. अमेरिकेत त्या वेळी आदल्या दिवसाची रात्र असते, दिवसभराच्या अफवा पिकून तयार असतात. तो बातमी वाचायचा आणि सोपानराव निकाल द्यायचे. निकाल कायम एकच असे. "जानार!" कुठलाही खेळाडू असो, कितीही मोठा करार असो, "जानार म्हंजी जानार." मंदारचंही उत्तर ठरलेलं होतं. "राहील हो काका."

मी एकदा दळण आणायला गेलो असताना ऐकलेला संवाद असा :

"काका, त्याच्या बायकोनं घराला नवीन रंग दिलाय. फोटो टाकलाय. घर रंगवणारा माणूस जातो का?"

"आरं येड्या, विकायचं घरच रंगवत्यात!"

"पोरं तिथल्या शाळेत आहेत त्याची."

"आमची पोरं न्हवती का हितल्या शाळेत? शाळा ऱ्हायली, शेत गेलं."

"कॉन्ट्रॅक्ट तीन वर्षांचं आहे, काका."

"सातबारा हुता आमचा. कॉन्ट्रॅक्ट काय सांगतो!"

गिऱ्हाइकांनाही याची सवय झाली होती. बायका डबा ठेवता ठेवता विचारत, "गेला का तुमचा डावऱ्या?" त्याचा तोटाही झाला. गेल्या वर्षी श्रावणातल्या पहिल्या सोमवारच्या आधी गल्लीतल्या सुरेखाताईंनी उपवासाची भाजणी दळायला दिली होती. उपवासाचं दळायचं तर आधी गिरणी स्वच्छ झाडायची, त्यांचेच मूठभर दाणे घालून आधीचं पीठ काढून टाकायचं, हा नियम सोपानराव वडिलांचा शब्द पाळावा तसा पाळत. नेमक्या त्याच वेळी पेन्शनरची बातमी आली. वादाच्या भरात भाजणी गेली थेट बाजरीच्या मागोमाग. सुरेखाताईंच्या घरी थालीपीठ तव्यावर पडलं आणि वासावरून सासूबाईंनी ओळखलं. पूर्ण घराचा सोमवार मोडला. सोपानराव स्वतः नवी भाजणी घेऊन माफी मागायला गेले. सुरेखाताई म्हणाल्या, "देवाला काय सांगू आता मी?" सोपानराव म्हणाले, "सांगा, पेन्शनर गेला."

या वर्षी अफवा डावऱ्याची होती. शिकागो त्याला मायामीला देणार. मंदार लहानपणापासून शिकागोवाला आणि डावऱ्या त्याचा जीव. वाद असा पेटला की शेवटी मिशीची पैज लागली. नवा मोसम सुरू होईपर्यंत डावऱ्या गेला तर मंदारने मिशी काढायची, राहिला तर सोपानरावांनी. पैज तशी एकतर्फी होती. मंदारची मिशी म्हणजे ओठावरचा नुसता संशय. सोपानरावांची मिशी भरघोस, टोकं वळवलेली, गल्लीत पत्ता सांगायला उपयोगी पडेल अशी. शिवाय त्यांचे वडील हयात. बाप जिवंत असताना पोराने मिशी उतरवायची नाही, हा त्यांच्याकडचा कायदा. "म्हनून तर लावली," ते मला म्हणाले होते. "आपुन हरतच न्हाई."

पैज लागली आणि पुढच्याच आठवड्यात मंदार गेला.

दहाव्याला आम्ही पवनेच्या घाटावर होतो. मंदारचं लग्न झालं नव्हतं, आईवडील दोघंही नाहीत, त्यामुळे सगळं मीच केलं. डोकं आणि मिशी उतरवून, ओल्या पंच्याने मी बसलो होतो. पिंड ठेवला. कावळा येईना. झाडावर कावळे होते, शेजारच्या पिंडावर दोन येऊन गेले, आमच्याकडे कुणी फिरकेना. मामा पुढे झाले आणि म्हणाले, "थोरल्याची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." कावळा आला नाही. कंपनीतला एक मुलगा म्हणाला, "मंद्या, तुझी गाडी मी सर्व्हिसिंग करून आणतो रे." तरी नाही. ऊन वर आलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले.

तेव्हा सोपानराव पाठीमागून पुढे आले. हात जोडले आणि गिरणीतल्या आवाजात म्हणाले,

"भावा, डावऱ्या कुटं जात न्हाई. शिकागोतच राहतोय. मी हरलो. मिशी उतरवतो, जबान हाय माझी."

कावळा आला. मी शिकवतो, पुस्तकं वाचतो. एका गोष्टीमागून दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मला माहीत आहे. पण आला.

घरी गेल्यावर अडचण तात्यांची झाली. तात्यांनी साफ नकार दिला. गल्लीतल्या सलूनवाल्यालाही निरोप गेला. सोपानराव खुर्चीत जाऊन बसले की तो म्हणे, "काका, दाढी करतो. मिशीला तात्यांची चिठ्ठी आणा." सोपानराव परत येत. त्या दिवसांत त्यांना गिरणीवर कुणी डावऱ्याचं विचारलं तर ते उत्तर देत नसत. जोरात विचारलं तर गिरणीचा पट्टा चालू करत.

मंदारचा फोन मी बंद केला नव्हता. रोज चार्ज करत होतो. श्रावण लागल्यावर एका सकाळी तो वाजला. त्याने लावून ठेवलेली सूचना होती : करार झाला. डावऱ्या मायामीला, त्याच्या बदल्यात दोन खेळाडू शिकागोला. मला एवढंच समजलं की सोपानराव जिंकले. पैज जिंकलेल्या माणसाला मिशी काढायचं कारण नव्हतं. घाटावरचा शब्द भावनेच्या भरात दिलेला, कुणीही तो धरून बसलं नसतं. त्यांची सुटका झाली, हे सांगायला मी निघालो.

गिरणीचं शटर अर्धं खाली होतं. बाहेर सुरेखाताई डबा घेऊन उभ्या होत्या. "कळलं ना, सर? वाचली हो मिशी," त्या म्हणाल्या. "पण हे गेलेत कुठे?"

मी सोपानरावांच्या घरी गेलो. अंगणात शिरायच्या आधीच तात्यांचा आवाज ऐकू आला.

"आरं, मी जित्ता हाय ना? का मेलो आन् मला कुनी कळवलंच न्हाई?"

तात्या बाजेवर उठून बसले होते. नळावरच्या आरशासमोर सोपानराव उभे होते. खांद्यावर टॉवेल, हातात दाढीचा साधा रेझर, ओठावर दोन ठिकाणी रक्त. मिशी जवळपास गेली होती. खालची कातडी चेहऱ्याच्या रंगाची नव्हती, बरीच गोरी होती.

"सोपानराव," मी म्हणालो, "तुम्ही जिंकलात. डावऱ्या मायामीला गेला. बातमी आली."

"म्हाईत हाय. सकाळीच बघितली."

"मग हे कशाला?"

त्यांनी रेझर पाण्याखाली धरला.

"तुमाला म्हाईत, मला म्हाईत. मंदारला कुटं म्हाईत, सर? तो गेला तवा डावऱ्या शिकागोतच हुता."

तात्यांनी विचारलं, "त्या मंदारपायी काढलीस व्हय? तो सकाळच्याला बाकावर बसायचा, त्यो?"

"व्हय."

"न भावकी, न सोयरा."

"न्हाई, तात्या."

तात्यांनी बाजेवरून हात पुढे केला. "आन हिकडं ते पातं. उजव्या अंगाला राहिलीया. अर्धवट काय ठेवतो?"

सोपानराव त्यांच्या पुढ्यात उकिडवे बसले, मान वर केली. तात्यांचा हात एरवी पाण्याचा पेला धरतानाही थरथरतो. त्या वेळी थरथरत नव्हता असं मी म्हणणार नाही. त्यांनी डाव्या हाताने मुलाची हनुवटी घट्ट धरली आणि राहिलेलं काढलं. सोपानरावांचे डोळे मिटलेले होते. त्यांचं रडू नातेवाईकांत बसणारं नव्हतं, म्हणून घाटावर त्यांनी ते बाहेर येऊ दिलं नव्हतं. बापासमोर ते तसेच बसून राहिले आणि तात्या टॉवेलने त्यांचं तोंड पुसत राहिले, साबण असल्यासारखं.

आता भाद्रपद चालू आहे. डावऱ्या मायामीत आहे. सोपानरावांना मिशी पुन्हा येते आहे, पहिल्यापेक्षा पांढरी. कॉलेजला जायच्या आधी मी मंदारचा फोन घेऊन गिरणीत जातो आणि आलेली बातमी वाचून दाखवतो. खेळाचे नियम मला अजून कळत नाहीत. सोपानराव हल्ली प्रत्येक खेळाडूबद्दल राहील म्हणतात. वाद व्हायचा तर कुणीतरी जाणार म्हणायला हवं, म्हणून ते मी म्हणतो. कंपनीची बस चौकात थांबते, माणसं उतरतात, आपापल्या घरी जातात. बाकावर आम्ही दोघं असतो.