राहीबाईंचे पहिल्या गाण्याची मोहीम

सप्तसुरांचे पायी मस्तक ठेवोन, कानास हात लावोन लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मासी गायनाचे दौलतीत जे वर्तले, ते साद्यंत येणेप्रमाणे. राहीबाई ढमढेरे म्हणोन गुणी गायिका दौलतीत होत्या, परंतु दुसऱ्याचे पाठीमागे उभे राहोन झील धरावी, गाणाराची ओळ उचलावी, दम सरला तर सांभाळोन घ्यावे, हीच त्यांची चाकरी, आणि आम्हीही त्यांचेच शेजारचे झीलकरी, आणि झीलकऱ्याचे नाव गाण्याखाली लिहिण्याचा दस्तूरच नाही. मग बाईंनी निश्चय केला की एक गाणे आपले नावाचे करावे, न चालले तर गळा बंद करोन सासवडास बंधूंचे दुकानी बसावे. गाण्याचे कंपनीचे कारभारी रणपिसे बोलिले की नवे नाव कोण ऐकतो, नामांकित रॅपर पाहुणा आणावा. मग सुभान तांबोळी, ज्यांस दौलतीत तोफखाना म्हणतात, त्यांस आवतण गेले, आणि कारभाऱ्यांनी पोस्टर काढिले त्यात तोफखाना हत्तीएवढा आणि बाई मुंगीएवढ्या. आमचे तळपायाची आग मस्तकी गेली, परंतु बाई इतकेच म्हणाल्या की असू द्या, पाहुणा आहे.

नेमिले दिवशी सुभानजी लवाजम्यासह स्टुडिओत दाखल जाहले आणि लांबलचक कवन काढोन वाचले, आणि कारभारी ऐसे खूष जाहले की म्हणाले, बाईंचा दुसरा अंतरा उडवावा म्हणजे तोफांस जागा होईल. बाईंचे तोंड उतरले. त्या मागे आल्या आणि सवयीने आमचे रांगेत, मागील माइकापाशी उभ्या राहिल्या. बाईंचेच गाणे, आणि बाई मागे! सुभानजींनी त्यांस तेथे पाहिले आणि थबकले, आणि कवन घडी घालोन खिशात ठेविले.

"ताई, माझ्या पहिल्या गाण्यात तुम्ही मागं होतात ना? माझा ठेका सुटला होता. तुम्ही झील लांबवलीत, म्हणून मी परत तालात आलो. तुमचं नाव मी कुणाला विचारलंसुद्धा नाही."

बाई म्हणाल्या की तेव्हा कोणीच विचारीत नसे. मग सुभानजींनी त्यांस हात धरोन पुढील माइकापाशी नेले आणि स्वतः आमचे रांगेत येऊन उभे ठाकले. कारभारी घाबरे जाहले की लोक तुम्हांस ऐकावयास येणार, त्यांस काय सांगावे. सुभानजी म्हणाले, "मग मी झील धरलेली ऐकतील." आणि मधे चार ओळी मात्र खणखणीत डागोन बाकी सारे गाणे बाईंचे मागे 'जी जी' करीत राहिले, आणि बाईंनी दुसरा अंतरा ऐसा म्हटला की कारभाऱ्यांनी चष्मा काढोन डोळे पुसले आणि धूळ फार आहे म्हणाले.

मग गाणे इंटरनेटावर चढले, आणि लोक तोफा ऐकावयास आले ते बाईंचे सुरापाशी बसोनच राहिले, आणि वरातीचे बँडवालेही तेच वाजवू लागले, आणि सासवडचा बेत बंधूंनीच मोडिला. बाईंनी कारभाऱ्यांस एकच गोष्ट मागितली, की गाण्याखाली झीलकऱ्यांची नावे एका मापाची लिहावी, आणि तोफखाना त्याच रांगेत असावा. तैसेच जाहले. आमचे कुटुंबाने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन त्यांत आमचे नाव वाचले, मग पुन्हा वाचले, आणि कढईतले थालीपीठ करपले तरी उठली नाही.

सारांश, बाईंनी एकाचा ठेका सांभाळिला, त्याने त्यांचे गाणे सांभाळिले, आणि त्यांत आमचे सोने जाहले. दोघांचे उपकार या जन्मी फिटणे नाही. बखर लिहिणाराने आपले नाव घालू नये हा जुना दस्तूर, तो पाळिला आहे. ज्यास पाहणे असेल त्याने गाण्याखाली पाहावे.