शिवतेज हुलवानच्या डोक्यावरची दोन बोटं

माझ्या वर्गातल्या ढाण्यानं पैज लावली, आणि मी येड्यागत घेतली. म्हणून शिवतेज हुलवानसोबत आम्हा पोरांचा फोटो काढताना मी त्याच्या डोक्यामागं दोन बोटांची शिंगं धरली, आणि फोटो झाल्यावर हात खाली घेतला तर बोटं तिथंच राहिली. दुखलंबिखलं काय नाही. मी हात खिशात घातला आणि वडापाव खायला गेलो.

शिवतेज म्हणजे टीव्हीवर दिसणारा कबड्डीपटू. आमचं गाव त्याचं आजोळ, म्हणून वर्षातनं एकदा आमच्या संघाकडनं खेळतो. फोटोत त्याचे डोळे मिटलेले आलेत आणि माझं तोंड उघडं.

फोटोनंतर सकाळीच सेमीफायनल झाली. शिवतेज चढाई करून परत आला की डोक्यावर दोन बोटं उभी. गुण लिहिणारे काका चष्म्यातनं बघायचे. दोन बोटं म्हणजे दोन गुण, लिहून टाकायचे. एकदा तर तो नुसता पाणी प्यायला आला तरी लिहिले. आम्ही लई फरकानं जिंकलो.

फायनलला मात्र पिंपरेवाडीच्या कप्तानानं हरकत घेतली.

"गडी सात पाहिजेत. यांचे सात, आणि वर आठव्या माणसाची बोटं. म्हणजे मैदानात आठ झाले."

मुख्य पंच मुलाणी साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. मग खुर्चीवर उभं राहून बोटं तपासली.

"नखं आहेत. हरकत योग्य आहे. हुलवान, ही तुमची?"

"नाही साहेब. माझी दहा ही बघा."

"मग ज्याची असतील त्यानं पाच वाजेपर्यंत संघात नाव नोंदवावं. तुमचा एक गडी बाहेर बसेल. कोणीच आलं नाही तर बोटं बेवारस. बेवारस वस्तू डोक्यावर घेऊन खेळता येत नाही."

शिवतेज मटकन खाली बसला. "साहेब, आजोळची फायनल आहे हो. तिकडं मामा फेटा घेऊन बसलाय."

"नियम आहे," साहेब म्हणाले.

आमच्या खेळाच्या लोखंडे सरांनी माईक घेतला. "कुणाचा चावटपणा आहे हा? सापडू दे. वर्षभर या मैदानात पाय ठेवू देणार नाही!"

आता मला कबड्डीशिवाय काही येत नाही. गणित तर नाहीच. म्हणून मी हात खिशात आणखी खोल घातला.

सरांनी फोटोतल्या पोरांना ओळीत उभं केलं आणि हातांची बोटं मोजायला घेतली. पहिला ढाण्या.

"दहा आहेत सर. चटणी लागलीय तेवढी."

सर एकेक पोरगं मोजत माझ्याकडं यायला लागले. तशी तिकडं शिवतेजच्या डोक्यावरची बोटं थरथरायला लागली. शिवतेजला गुदगुल्या झाल्या. बिचारा रडकुंडीला आलेला, आणि खो खो हसत होता. हसता हसता म्हणाला, "अरे बाबा, ज्याची असतील त्यानं सांगा की! मी रागावणार नाही."

घड्याळात पाचला चार मिनिटं कमी होती. मामानं फेटा मांडीवरनं खाली ठेवला. तेवढं मला बघवलं नाही. मी खिशातनं हात काढला.

"माझी आहेत सर. पैज ढाण्याची, पण बोटं माझी."

मुलाणी साहेबांनी मोजली. "हातावर तीन, डोक्यावर दोन. जुळतंय. नाव?"

"तुषार जगन्नाथ फाळके."

त्यांनी सातव्या गड्याचं नाव खोडून माझं लिहिलं. सरांनी माझा कान धरला.

"वर्षभर पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही!"

"नाही ठेवत सर," मी म्हणालो, आणि दोरीच्या बाहेर मांडी घालून बसलो.

शिट्टी वाजली. शिवतेज चढाईला निघाला, आणि मी माझी बोटं ताठ केली.