उलटसुलट उजेड

अधिकचं बटण दाबलं की पडदा मंद व्हायचा आणि उणेचं दाबलं की लख्ख. रुग्णाच्या उशाशी ठेवायचं हे यंत्र चार वाजता ग्राहकबाईंना दाखवायचं होतं. पडदा नीट चालल्याशिवाय प्रोग्रामरच्या आठ दिवसांच्या रजेवर साहेब सही करणार नव्हते. गाडी सहाची होती आणि बायकोने बॅगा दाराशी आणून ठेवल्या होत्या.

प्रोग्रामरने डिव्हाइस ट्री उघडला. यंत्राचा कोणता भाग कुठे आणि कसा जोडलाय, हे या फाइलीत लिहून द्यावं लागतं. पडद्यामागच्या दिव्याच्या ओळीत त्याने 'सिग्नल उलटा समजावा' अशी नोंद केली. तिकडे खालच्या मजल्यावर, पोराला कशाला त्रास, म्हणून यंत्राच्या तारा जोडणाऱ्या सोल्डरबुवांनी दिव्याचं सर्किटच उलटवलं. सर्किटचा बोर्ड वर आला, त्यात नवी फाइल गेली, अधिकचं बटण दाबलं. पडदा मंद!

"बुवा, तुम्ही काही केलंत का?"

"सर्किट फिरवलं. तुझं काम वाचवलं!"

"अहो, मी फाइलीत फिरवलं होतं!"

"मग सांगायचं ना!"

"तुम्ही विचारायचं ना!"

दोघेही मुळात सज्जन, हीच पंचाईत. प्रोग्रामरने मुकाट्याने आपली ओळ खोडली. खाली बुवांनीही चूक पदरात घेऊन सर्किट होतं तसं केलं. पडदा पुन्हा मंद. साडेतीन वाजले.

"आता तुम्ही कशाला म्हणून हात लावायचा नाही!" प्रोग्रामर ओरडला.

"नाही लावत जा! पाया पडलास तरी नाही!" बुवा तणतणत चहाला गेले.

प्रोग्रामरने ओळ पुन्हा लिहिली. अधिक दाबलं, पडदा लख्ख. भांडण झालं म्हणून काम झालं. "निघालोच," असं बायकोला फोनवर सांगून तो तोंड धुवायला गेला.

चार वाजता ग्राहकबाईंनी अधिकचं बटण दाबलं. पडदा मंद.

"असं कसं होईल?" साहेब गोंधळले. "तुमच्या दोघांच्या भरवशावर कोण राहणार? मी स्वतः बटणांवरच्या अधिक-उणेच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल केली."

"कधी?"

"तू तोंड धुवायला गेलास तेव्हा."

बाईंनी शांतपणे दोन्ही चिठ्ठ्या नखाने सोलल्या, पुन्हा अदलाबदल करून लावल्या आणि अधिकचं बटण दाबलं. पडदा उजळला. "छान आहे की," त्या म्हणाल्या.

प्रोग्रामरने रजेचा अर्ज पुढे केला. साहेबांनी खाली मान घालून घाईघाईत सही ठोकली. अर्ज उलटा धरला होता, त्यामुळे सहीही उलटी पडली. प्रोग्रामरने तो तसाच खिशात घातला. आता काहीही सुलटं करायची त्याची हिंमत नव्हती.